पिंपळे गुरव ते जेद्दा : विमानतळावरची एक रात्र

उमराहला निघण्याच्या दिवशी पिंपळे गुरवच्या आमच्या घरात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. कोणी दुआसाठी नावे लिहून आणली होती, कोणी वाटेसाठी डबा. शेजारच्या काकूंनी शेंगदाण्याचे लाडू दिले आणि अम्मींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आमच्यासाठीही मागा हो काही." अम्मींचे वय पंच्याहत्तरच्या पुढे. गुडघे साथ देत नाहीत आणि मधुमेहामुळे खाण्याच्या वेळा पाळाव्या लागतात. त्यामुळे आमच्या सगळ्या तयारीत त्यांचीच चिंता मोठी होती.

इथून लोहगावचे विमानतळ तसे लांब नाही. पण दापोडीचा हॅरिस पूल, बोपोडी, खडकी आणि विश्रांतवाडी ही नावे ज्यांनी गर्दीच्या वेळी रिक्षात बसून मोजली आहेत, त्यांना हे अंतर किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नाही. मेट्रोने कासारवाडीहून सिव्हिल कोर्टला जाऊन गाडी बदलली की रामवाडीपर्यंत पोहोचता येते, पुढे मात्र रिक्षाच करावी लागते. सहा बॅगा आणि सोबत अम्मी, म्हणून आम्ही गाडी ठरवली आणि दोन तास हाताशी ठेवून निघालो.

पुण्याहून जेद्दाला थेट विमान नव्हते. आमच्या पट्ट्याची ही जुनीच गोष्ट आहे. चाकणच्या कारखान्यांतून गाड्या जगभर जातात, पण तिथे काम करणाऱ्या माणसाला परदेशी जायचे तर बहुधा आधी दुसरे शहर गाठावे लागते. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. ब्रिटिशांनी तो १९३९ मध्ये उभारला. धावपट्टी हवाई दलाची असल्याने प्रवासी विमानांना तिच्यावर मिळेल तेवढीच वेळ मिळते, आणि ती जेमतेम अडीच किलोमीटर लांबीची असल्याने मोठ्या विमानांवरही मर्यादा येते. डागडुजीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये १६ ते २९ तारखेपर्यंत हे विमानतळ पूर्ण बंद होते. २००५ पासून इथून दुबईसारख्या मोजक्या शहरांना विमाने जाऊ लागली. १४ जुलै २०२४ पासून नवे टर्मिनल वापरात आले, पण इमारत नवी झाली तरी धावपट्टी तीच आहे. नव्या विमानतळासाठी आधी चाकण-राजगुरुनगरकडची जागा चर्चेत होती. २०१६ मध्ये ती चर्चा पुरंदरकडे वळली आणि तिथल्या सात गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न उभा राहिला. म्हणजे आमची सोय व्हावी तर कोणाचे तरी शेत जाते, हेही विसरून चालत नाही.

तेव्हा आमचा मार्ग असा होता : पुण्याहून दुसऱ्या राज्यातल्या एका आंतरराष्ट्रीय विमानतळावर जायचे आणि तिथून रात्री दीडच्या विमानाने जेद्दा. त्या विमानतळाचे आणि कंपनीचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. गाऱ्हाणे कोणा एकाचे मांडायचे नाही. आम्हाला त्या रात्री जे कळले ते सांगायचे आहे.

सुरुवात व्हीलचेअरपासून झाली. तिकीट काढतानाच ती मागितली होती, पण काउंटरवर "नोंद दिसत नाही" असे उत्तर आले. चाळीस मिनिटे अम्मी एका बॅगेवर बसून राहिल्या. मग इमिग्रेशनची रांग. खिडक्या बऱ्याच होत्या, माणसे मात्र थोड्याच खिडक्यांवर होती. लहान मुले जमिनीवर झोपली होती आणि रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. साडेबाराला आम्ही गेटवर पोहोचलो, तेव्हा फलकावर विमानाची वेळ बदलून तीन झाली होती.

तीनची साडेचार झाली. साडेचारची सव्वासहा. दर वेळी थोडाच उशीर, दर वेळी "तांत्रिक कारण". हप्त्याहप्त्याने आलेला उशीर माणसाला जागेवरून हलू देत नाही. एकदाच सांगितले असते की विमान सकाळी जाईल, तर काही सोय मागता आली असती. पण दर वेळी तासा-दीड तासाचा प्रश्न, म्हणून सगळे तिथेच बसून राहिले.

आमच्या गटातले पुरुष इहरामच्या चादरींत होते. गटप्रमुख मौलानांनी सांगितले होते की चादरी विमानतळावर गुंडाळा, पण निय्यत आणि तल्बिया विमानात, मीकात येण्याआधी करा. ही सूचना किती शहाणपणाची होती ते त्या रात्री समजले. ज्यांनी घाईने निय्यत केली होती, त्यांना त्या थंडगार हॉलमध्ये डोक्यावर टोपीही घेता येईना. बाकीचे शाल लपेटून बसले. फजरच्या वेळी नमाजची जागा शोधायला निघालो. दोघा-तिघांना विचारले, पण कोणालाच माहीत नव्हते. शेवटी सफाई करणाऱ्या एका भाऊंनी हातातला मॉप बाजूला ठेवला, आम्हाला वुजूसाठी नळ दाखवला आणि जिन्यामागचा स्वच्छ कोपरा पुसून दिला. ते मुसलमान नव्हते. "इथे तुमची माणसं येतात नेहमी," एवढेच म्हणाले. त्या अख्ख्या इमारतीत आम्हाला प्रवासी म्हणून ओळखणारे ते पहिले गृहस्थ.

नमाजनंतर अम्मींचे हात थरथरू लागले. काकूंचे लाडू कामी आले, पण पोटभर काही हवे होते. दुकाने बहुतेक बंद होती. आमची भाची, कॉलेजात शिकणारी, उठली आणि काउंटरकडे निघाली. थोरल्या भाईजाननी तिला हटकले.

"बेटा, आपण इहरामात आहोत. वाद नको. सब्र कर."

"मामू, वाद घालत नाही. फक्त विचारते."

भाईजानांचे म्हणणे चूक नव्हते. हजच्या काळात वादविवाद नको, अशी दिव्य कुरआनची सूचना सूरह बकरामध्ये आहे, आणि उमराहचा यात्रेकरूही तोच आदब पाळतो. पण समोर अम्मींचा चेहरा पांढरा पडत होता. आम्ही मौलानांकडे पाहिले. त्यांनी एक प्रसंग सांगितला. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एका माणसाचे उंटाचे देणे होते. तो मागायला आला आणि फार कठोर बोलला. सहाबा (र.) संतापले. प्रेषितांनी मात्र त्यांना थांबवले आणि समजावले की ज्याचे देणे आहे त्याला बोलण्याचा अधिकार असतो. मग त्याला त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट देवविला. "मागणाऱ्याची भाषा कठोर होती, तरी प्रेषितांनी त्याचा हक्क मानला," मौलाना म्हणाले, "ही मुलगी तर अदबीने विचारते आहे. जाऊ द्या तिला."

काउंटरवर तिच्याच वयाची एक मुलगी उभी होती. संध्याकाळपासून तीही पायांवरच होती आणि तिलाही वरून काही कळवले जात नव्हते. भाचीने आवाज चढवला नाही. मोबाईलवर नियम उघडून दाखवला आणि म्हणाली, "ताई, इतक्या उशिरात नाश्ता द्यायचा असतो. आमच्या नानींना शुगर आहे. तुमच्या साहेबांना विचाराल का?" त्या मुलीने फोन लावला. वीस मिनिटांत खाण्याची पाकिटे आली आणि व्हीलचेअरही आली.

पाकिटे वाटली जाऊ लागली तेव्हा आमच्या मागच्या रांगेत बसलेले दहा-बारा तरुण उठले नाहीत. सौदीत मजुरीला निघालेली पोरे होती. रात्रभर उपाशी होती. भाईजाननी विचारले, तर एक जण हळूच म्हणाला, "चाचा, कितने का है?" त्यांना वाटले, पैसे पडतील. भाईजाननी स्वतः उठून एकेकाच्या हातात पाकीट दिले. परत येऊन बसले तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भाचीकडे पाहून म्हणाले, "तू विचारलंस ते बरं केलंस."

विमान पावणेअकराला सुटले.

वाटेत अम्मी त्यांच्या अब्बांची आठवण सांगत होत्या. त्या काळी हाजी मुंबईहून जहाजाने जात. जहाजांचा हा प्रवास १९९५ मध्ये बंद झाला. अब्बा जहाजाची वाट पाहत मुंबईत साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात कितीतरी दिवस थांबले होते. आमच्या रात्रीपेक्षा तो खोळंबा खूप मोठा, पण तिथे अंग टाकायला जागा होती आणि वुजूला पाणी होते. उशीर तेव्हाही होत असे. फरक इतकाच की वाटसरूचा काही हक्क असतो हे बांधणाऱ्याने ध्यानात ठेवले होते. सूरह तौबामध्ये जकातचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत इब्नुस्सबील, म्हणजे वाटसरूही आहे. घरी सधन असलेला माणूसही वाटेत असहाय होऊ शकतो, याची ही जाण आहे.

आपल्या देशाच्या नियमांतही ही जाण थोडीफार आहे. प्रत्येक घरात ती माहीत असावी म्हणून इथे देतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार भारतीय कंपनीचे विमान, प्रवासाच्या लांबीप्रमाणे, २ ते ४ तासांहून अधिक रखडले तर खाणेपिणे द्यावे लागते. ६ तासांहून अधिक उशीर असेल तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे मागता येतात. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतले विमान ६ तासांहून अधिक लांबणार असेल तर राहण्याची सोयही करावी लागते. हवामानासारख्या कारणाने उशीर झाला तर भरपाईची रक्कम मिळत नाही. तक्रारीसाठी सरकारचे एअरसेवा हे पोर्टल आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. बॅग आलीच नाही तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच काउंटरवर नोंद करून कागद घ्यावा. परदेशी कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा तिकीट काढतानाच विचारून ठेवावे. वयस्कर मंडळींची औषधे, शाल आणि एका वेळचे खाणे हातातल्या पिशवीत असावे.

परत आल्यावर भाचीने हे सगळे एका कागदावर लिहिले आणि झेरॉक्स काढून ठेवल्या. आता आमच्या गल्लीतून कोणी हजला, उमराहला किंवा नोकरीसाठी निघाले की दुआ मागायला जाताना भाईजान तो कागद सोबत नेतात. देताना सांगतात, "सब्र करा, पण गप्प बसू नका. आणि मागाल तेव्हा शेजारच्यासाठीही मागा."

अल्लाह प्रत्येक प्रवाशाला सुखरूप घरी आणो. आमीन.