पट्टी, ब्लॉक आणि किटकॅट

पुण्याच्या पेठांतील एखादा जुना वाडा पाडण्याचे ठरले, भाडेकरूंशी तडजोड होऊन महानगरपालिकेची मंजुरी हाती आली, म्हणजे पाडकामाच्या मुकादमाआधी वायरमनला पाचारण होते. कारण वीज कंपनीने मीटर काढून नेल्यानंतरही, कधीकाळी शेजारच्या घरातून ओढलेली एखादी विस्मृत तार जिवंत असण्याचा संभव असतो, आणि तिचा शोध घेतल्याखेरीज भिंतीवर पहार चालवणे कोणत्याही जबाबदार माणसाला मान्य होत नाही. ज्या वाड्यांत दिवे लावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्याच वाड्यांतील दिवे उतरवण्याचे काम उतारवयात माझ्या वाट्याला आले. नारायण पेठेतील अशाच एका वाड्यातून निघालेला माल मी तपकीर गल्लीतील एका परिचित दुकानाच्या मागच्या खोलीत नेला, त्या वेळी आमच्या धंद्यातील काही निवृत्त मंडळी तेथे चहाला जमली होती. आणि पोते उपडे होताच पितळ, चिनी माती, बेकेलाइट व सागवान यांची ती रास पाहून ज्याने त्याने आपापल्या ओळखीची वस्तू उचलून घेतली.

आमच्यातील सर्वांत वडील, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, त्यांच्या हाती पितळी घुमटाचा टंबलर स्विच आला. त्यांनी घुमट फिरवून काढला, आतील पांढऱ्या बैठकीवरील धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि दांडी खालीवर करून कानाजवळ धरली. स्प्रिंग अद्याप शाबूत होती. अण्णा म्हणाले, "बोट कितीही सावकाश हलवा, तोडायचे काम ही झटक्यातच करणार." त्या झटक्याचे कारण फार जुने आहे. घराघरांत येणारा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क तुटताना उठलेली ठिणगी आपोआप विझते. परंतु अनेक शहरांत एकदिश प्रवाहाचे पुरवठे होते त्या काळी ठिणगीला असा विसावा मिळत नसे, म्हणून संपर्काची जिभली वापरणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता स्प्रिंगच्या वेगाने दूर फेकण्याची तजवीज कारागिरांनी करून ठेवली. त्या स्विचचे सौंदर्य मी नाकारीत नाही, परंतु त्याचा दोषही मला लपवावयाचा नाही: अर्थिंगची वेगळी तार नसलेल्या त्या घरांत आतील एखादी तार निसटून घुमटाला टेकली, की सारा घुमटच जिवंत होई, आणि ओल्या हाताने दिवा लावणाऱ्या बाईमाणसाला त्याचे जे प्रायश्चित्त मिळे ते आम्हांपैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. बेकेलाइटचे काळे झाकण आले ते दिसायला ओबडधोबड होते खरे, पण मी त्याचे स्वागत केले होते.

मग गोष्ट पट्टी फिटिंगवर, म्हणजे भिंतीवर दिसेल अशी लाकडी पट्टीवरून तार नेण्याच्या पद्धतीवर आली, आणि सर्वांचेच बोलणे तेथे रेंगाळले. मी ज्या उस्तादांच्या हाताखाली तालीम घेतली, ते आधी भिंतीवर नीळ लावलेल्या दोरीचा सरळ ठसा उमटवीत, जंबरने भोके पाडून त्यांत सागवानी गिट्ट्या सिमेंटमध्ये बसवून घेत, आणि मगच पट्टीला हात लावू देत. पट्टीवर कलई केलेल्या पितळी क्लिपा ठोकायच्या, त्या आडव्या ओळीत चार इंचांवर आणि उभ्या ओळीत सहा इंचांवर. कोपऱ्यात दोन पट्ट्या तिरप्या कापून अशा भिडवायच्या की सांधा नखाला लागू नये. स्विचखाली व होल्डरखाली गोल लाकडी ब्लॉक, छताला चिनी मातीचा सीलिंग रोज, आणि त्याच्या पोटात लोंबत्या दोरवायरला मारलेली ती गाठ, जी दिव्याचा व शेडचा सारा भार स्वतः पेलून स्क्रूखालच्या तारांना ताणापासून मुक्त ठेवीत असे. पट्टी फिटिंगमध्ये काही झाकलेले नसे. अनोळखी घरात पाऊल टाकताच फेज कोठून आली, जिन्यावरचा टू-वे स्विच कोणत्या दिव्याला जोडला आहे, पूर्वीच्या वायरमनने घाई कोठे केली, हे सारे भिंतीवर एखाद्या दस्तऐवजासारखे वाचता येई.

या उघडेपणाचा खरा उपयोग मला १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर कळला. मी तेव्हा नुकता हेल्पर म्हणून लागलो होतो. नदीकाठच्या पेठांत पाणी ओसरल्यावर खोबणीदार लाकडी पट्टीत तार ठेवून वर झाकणपट्टी बसवलेल्या केसिंगच्या खोबणीतून गाळ खरवडून काढणे हेच आमचे काम होते. कॅपिंगचे, म्हणजे त्या झाकणपट्टीचे, स्क्रू सोडले की संपूर्ण लांबीची तार डोळ्यांपुढे येई. चिनी मातीचे आणि पितळेचे सामान धुऊन, उन्हात वाळवून आम्ही पुष्कळ ठिकाणी पुन्हा बसवले. तारेचे मात्र काही चालेना, कारण रबरावरील सुती वेष्टनाने पाणी पिऊन घेतले होते आणि तारेचे इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरचा काटा शून्याकडेच झुकत राही.

ते रबर हेच त्या साऱ्या व्यवस्थेचे मर्मस्थान होते. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक घालीत, ते गंधक तांब्याला खाई, म्हणून तांब्याच्या प्रत्येक धाग्याला कलई करावी लागे. एवढे करूनही दिव्याच्या उष्णतेने होल्डरजवळचे रबर काही वर्षांत कडक होऊन हात लावताच भुगा होत असे. पुढे पीव्हीसी आले आणि हे दुखणे संपले. पण त्याच सुमारास तांब्याची टंचाई होऊन घरोघरी अॅल्युमिनियमची तार गेली, जी स्क्रूखाली दबून हळूहळू सैल पडते आणि तापते. जोडणीचे डबे जळाल्याच्या तक्रारी मी त्या काळात जितक्या निस्तरल्या, तितक्या आधी नाही आणि नंतरही नाही.

पोत्यातून चिनी मातीचे, तार बदलता येणारे किटकॅट फ्यूजही निघाले, जोडीने; एक फेजचा, दुसरा न्यूट्रलचा. न्यूट्रलवर फ्यूज ठेवण्याचा जुना शिरस्ता घातक होता, कारण तो एकटाच उडाला तर दिवा विझे आणि तार जिवंतच राही. पाच अँपिअरसाठी ३५ गेजची तार पुरते हे ठाऊक असूनही मालक हाती लागेल ती जाड तार गुंडाळीत, हे अण्णांचे गाऱ्हाणे सर्वांनी मान्य केले.

कन्सील्ड वायरिंगवर मात्र आमचे एकमत झाले नाही. अण्णांच्या मते भिंतीच्या पोटात गेलेले काम हे तपासणीतून सुटलेले काम. दुसऱ्या एकाने विचारले, "अण्णा, नवी सून घरात लाकडाच्या पट्ट्या खपवून घेईल का?" मला दोघांचेही पटते. अर्थिंग, गळतीच्या प्रवाहाला पाहून तुटणारा ब्रेकर आणि चांगली तांब्याची तार यांमुळे आजचे घर आमच्या काळच्या घरापेक्षा निःसंशय सुरक्षित आहे. पण त्यातील तारेचा मार्ग ज्याने घातला त्याच्याखेरीज कोणालाही माहीत नसतो, आणि तो वायरमन दहा वर्षांनी सापडेलच याची हमी कोण देणार? म्हणून हल्ली माझा मुलगा जी कामे घेतो, त्यांत प्लास्टर चढण्यापूर्वी मी स्वतः टेप घेऊन जातो, फरशीपासून आणि कोपऱ्यापासून प्रत्येक नळीचे अंतर मोजून नकाशा काढतो, त्याची एक प्रत डीबीच्या, म्हणजे वितरण-पेटीच्या, झाकणाच्या आत चिकटवतो आणि दुसरी मालकाला खरेदीखताबरोबर ठेवावयास सांगतो.