तोंडातल्या तोंडात बोलणारी बाई

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही सहा दिवसांसाठी भाड्याने मोटरहोम घेतली. मागे झोपायला दोन बर्थ, छोटा ओटा, पाण्याची टाकी. मुंबईहून दापोलीजवळच्या आमच्या गावी जायचं आणि वाटेत रमतगमत थांबायचं, असा बेत. चालवणार अर्थातच अब्बा. तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाच्या हातातून स्टिअरिंग मागायची आमच्या घरात कुणाची हिंमत नाही.

पनवेल सोडलं आणि अब्बांची नकाशातल्या बाईवर कुरकुर सुरू झाली. "ही बाई तोंडातल्या तोंडात बोलते." मी आवाज वाढवला, तर मागे बर्थवर पडलेली अम्मी ओरडली, "अरे, कान फुटतील आमचे!" मोबाइल गाडीच्या म्युझिक सिस्टिमला ब्लूटूथने जोडला होता आणि तिचे मोठे स्पीकर मागच्या बर्थच्या वर होते. पुढचे दोन दारात, घोट्याच्या उंचीवर. बाईचं सगळं बोलणं अम्मीला नीट ऐकू येत होतं आणि चालवणाऱ्याला नाही.

खेडला दापोलीचा फाटा आला तेव्हा मी मुलीच्या उलटीची पिशवी धरून मागे होतो. अम्मी म्हणाली, "अहो, वळायला सांगतेय ती!" अब्बा सरळ गेले. लोटे आलं तेव्हा चूक कळली. परत फिरलो. अब्बा काही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

खेडच्या बाजारात गाडी लावली आणि मी स्पीकर शोधायला निघालो. दुकानदाराने आधी भलामोठा डबा समोर ठेवला. "बेस बघा, काच हलेल!" पण आम्हाला बेस नकोच होता. डिझेल इंजिनाची घरघर मुळात खालच्या सुरातली. तिच्यात आणखी बेस मिसळला की शब्द बुडतात. बोलणं कळतं ते त, क, स अशा व्यंजनांवरून, आणि त्यांचा बारीक आवाज वरच्या सुरात असतो. साध्या टेलिफोनवर फक्त 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा, तरी आपण तासन्तास बोलायचोच ना!

दुसरी गोष्ट मी वाटेत पकडली होती. ब्लूटूथचा स्पीकर बराच वेळ गप्प राहिला की झोपतो आणि जागा होताना पहिलं अक्षर गिळतो. आता "डावीकडे" आणि "उजवीकडे" यांतलं पहिलं अक्षर काढून बघा. फरक जवळजवळ संपलाच. हिंदीत तर "दाएँ" आणि "बाएँ", त्याहून बिकट. म्हणून वायरचा, मुठीएवढा, एकाच पडद्याचा साधा स्पीकर घेतला. मोबाइलला वायरचं भोक नव्हतं, त्यासाठी एक छोटी जोडणी वेगळी घ्यावी लागली.

तो लावायचा कुठे? मी डाव्या बाजूला, मोबाइलच्या शेजारी चिकटवायला लागलो. अब्बा हळूच म्हणाले, "इकडे लाव. उजवीकडे."

"का?"

"डाव्या हाताला तीस वर्षं इंजिन होतं."

जुन्या ट्रकचं बॉनेट केबिनच्या आतच असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या कोपराशी. लहानपणी मी त्यावर रुमाल टाकून बसलोय, त्याची ऊब मला आवडायची. तोच आवाज रोज त्यांच्या डाव्या कानात जात होता, हे कधी डोक्यातच आलं नाही. गेली दोन वर्षं अब्बा मशिदीत लवकर जाऊन पहिल्या सफमध्ये उभे राहतात. आम्हाला वाटायचं, सवाबासाठी. असेलही. पण इमामसाहेबांचं बोलणं मागे कळत नसेल, हेही असेल.

स्पीकर उजव्या खांबावर, कानाच्या उंचीला लावला. आरसा झाकणार नाही, एअरबॅगच्या आड येणार नाही असा. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. इथे तर सव्वा मीटरवरून वीतभर अंतरावर आला. आवाज कमी ठेवूनही भागलं आणि अम्मीची झोप वाचली.

दापोलीच्या वळणांवर अब्बा म्हणाले, "आता बाई बरी बोलायला लागली."

मी "हो" म्हणालो. त्या रात्री गाडीबाहेर खुर्च्या टाकून बसलो, तेव्हा मी न सांगता त्यांच्या उजव्या बाजूला बसलो. ते बघून थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मुंबईला गेलो की तो कानाचा डॉक्टर बघू. ऐकू येतं रे सगळं. फक्त समजत नाही."

तपासणी झाली. डावा कान बराच गेलाय, उजवाही थोडा. मशीन घ्यायचं ठरलंय. आपल्या घरातलं कुणी "तुम्ही सगळे हळू बोलता" म्हणून चिडत असेल, तर आवाज चढवण्याआधी एकदा जागा बदलून त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसून बघा.