हप्ता आधी, अनुदान मागून

आमचं कृषी पर्यटन केंद्र बघायला आलेल्या बायका खोल्या बघायच्या आधी विचारतात, ‘‘ताई, सरकारकडून किती सुटले?’’ आकडा सांगितला की त्यांचा चेहरा पडतो. पण ज्या सरकारी योजनेतून ते उभं राहिलं, तिनं मला जे दिलं, ते त्या आकड्यात बसत नाही.

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, वर्षभर औषधांची उधारी; आणि माल उतरायला आला की गारपीट, नाहीतर पैसे बुडवून पसार होणारा व्यापारी. गंगापूर धरण आणि वायनरी बघायला निघालेले मुंबईकर शनिवार-रविवारी आमच्या फाट्यावरून जायचे. त्यांच्यासाठी बांधावर खोल्या काढायचं मी ठरवलं.

२०२३ मध्ये राज्याच्या पर्यटन विभागानं ‘आई’ हे महिलांसाठीचं धोरण आणलं. पर्यटनाचा धंदा करणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतं. कर्ज फिटेपर्यंत, ७ वर्षं किंवा साडेचार लाख रुपये होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर. अटी मात्र कडक. धंदा पर्यटन संचालनालयाकडे नोंदवलेला हवा, बाईच्या मालकीचा हवा आणि तिनंच चालवायला हवा. राहण्या-जेवणाची सोय असेल तर निम्म्या कामगार बायका हव्यात. आणि हप्ता थकता कामा नये.

मालकीपाशीच गाडी अडली. सातबारा सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या नावावर. बांधाकडची जागा मला करारानं द्यावी लागेल म्हटल्यावर नाना उखडले, ‘‘आपल्याच वावरात सुनेला भाडेकरू करू का?’’ आठवडाभर घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, ‘‘रातंदिवस राबती ती, मग कागदावर असली तर बिघडलं कुठं?’’ नानांनी स्टॅम्प पेपरवर सही केली. मग उद्यम नोंदणी, विजेचं मीटर, चालू खातं, सगळं माझ्या नावावर झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तोवर माझं नाव फक्त रेशन कार्डावर होतं.

पर्यटन संचालनालयाचं पात्रतेचं पत्र हातात असूनही बँकेतले साहेब म्हणाले, ‘‘मिस्टरांना घेऊन या.’’ हे सोबत आले आणि साहेबांनी काहीही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवत राहिले. कर्ज १० लाखांचं, ११ टक्क्यांनी, ७ वर्षांसाठी. म्हणजे हप्ता सतरा हजारांच्या वर. व्याज परत येतं हे खरं, पण आपण भरल्यानंतर. जिच्या गाठीला आधी भरायला पैसे नाहीत, तिला ही योजना लांबूनच दिसते.

जानेवारी ते मार्च पाहुण्यांमुळे उसंत नसते. घड कापायला देताना मी सांगते, देठाला धरा, मण्यांना बोट लावू नका. वरची पांढरट भुकटी पुसली की मालाची किंमत उतरते. पेठकडच्या बायका आधी आमच्याकडे विरळणीला यायच्या. त्याच आता नागलीच्या भाकरी थापतात आणि पाहुण्यांना त्या थापायला शिकवतात. एप्रिल-मे मात्र सुना जातो, आणि हप्त्याची तारीख काही छाटणी बघून येत नाही. ते दोन महिने मी बचत गटातून उचल घेऊन काढते.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकात रस्ते, घाट, पूल यांच्या मोठ्या निधीची बोलणी कानावर येतात. तो पैसा हवाच. पण आलेला भाविक एक रात्र जादा थांबला, तरच तो पैसा खेड्यापर्यंत झिरपेल. तसं व्हायचं तर आमच्यासारख्यांचे हप्ते हंगाम बघून बांधायला हवेत आणि व्याजाचा परतावा त्याच तिमाहीत खात्यावर पडायला हवा.

चौकशीला आलेल्या बायकांना मी आता सरळ सांगते, किती मिळेल ते मग विचारा. आधी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघा आणि घरात तो विषय काढा. भांडण झालं तर होऊ द्या.