पाण्याची वाट

खुबी फाटा मागे पडला आणि वायपर बंद पडले. काचेच्या मधोमध दोन्ही पाती उभीच्या उभी थांबली. जुलैचा दुसरा आठवडा, रात्रीचे साडेअकरा, मागे टोमॅटोचे सत्तर क्रेट आणि पुढे माळशेज घाट. मी दांडी वरखाली केली, काही फरक नाही. तेवढ्यात उजवा इंडिकेटर आपोआप लागला आणि दोन्ही दारांची लॉकं खटकन बसली, लगेच उघडली, पुन्हा बसली. शेजारी पुतण्या होता. तो घाबरून म्हणाला, "काका, गाडीला काय झालं?" मला काय सांगावं कळेना.

गाडी कडेला घेतली. काचेवर तंबाखू चोळली, म्हणजे पाण्याचा थेंब धरून राहत नाही. जुने ड्रायव्हर हेच करायचे, वडीलही करायचे. पण त्या पावसापुढे आणि धुक्यापुढे तंबाखूचं काय चालणार? एका बंद टपरीच्या आडोशाला आम्ही पहाटे चारपर्यंत थांबलो. पाऊस उतरल्यावर घाट उतरलो, टोकावडे, मुरबाड करत वाशीला पोचलो तेव्हा सकाळची विक्री उरकत आली होती. मालाला क्रेटमागे साठ रुपये कमी मिळाले. पैशांपेक्षा मनाला एक गोष्ट लागून राहिली: पुतण्याला शेजारी बसवून मी आंधळी गाडी घाटाच्या तोंडाशी नेली होती.

आजार आधीपासूनच होता. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि त्यानंतर गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ लागायचा नाही. गावातल्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलून दिली. रात्री अंगणात उभ्या गाडीचा हॉर्न एकदोनदा आपोआप वाजला, तेव्हा आई म्हणाली, उंदीर शिरला असेल. मग वायपर अडखळायला लागले म्हणून दुसऱ्याने वायपरची मोटर नवी बसवली. दोघांनीही मनापासून काम केलं. पण वस्तू बदलत गेली आणि दुखणं तिथेच राहिलं.

शेवटी आळेफाट्याला गेलो. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे कुठलीही गाडी बिघडली तरी तिथे तिचा जाणकार भेटतो. एक वायरिंगवाले काका आहेत, साठीच्या पुढचे. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी मला बसवून सगळं विचारलं: कधीपासून, ऊन असताना होतं का, गाडी धुतल्यावर होतं का, गाडी कुठे लावतोस. शेवटचा प्रश्न मला तेव्हा फालतू वाटला होता. म्हटलं, घरापुढे, चिंचेखाली. त्यांनी नुसती मान हलवली.

मग बॅटरीच्या मायनस टर्मिनलला मल्टिमीटर जोडला, गाडी लॉक केली आणि चहा सांगितला. "वीस मिनिटं थांबायचं. गाडी झोपली पाहिजे." आताच्या गाड्या बंद केल्यावर लगेच बंद होत नाहीत. आतले कंट्रोलर एकेक करून निजतात, त्यानंतर बॅटरीतून साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट जायला हवा. आमचा मीटर ९०० च्या आसपास थांबला. काकांनी कागदावर हिशेब करून दाखवला: दिवसाला २१-२२ अँपिअर-अवर. बॅटरी ७५ ची. दोन दिवसांत निम्म्याहून जास्त जीव जातो. मी घेतलेल्या नव्या बॅटरीत काही दोष नव्हता, रोज रात्री कोणीतरी ती उपशीत होतं.

फ्यूज एकेक काढत गेले. एक फ्यूज निघाला आणि आकडा एकदम ३० वर आला. तो बीसीएमचा होता, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्युलचा.

हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. वडिलांची मॅटाडोर होती, तिच्यात वायपरच्या बटणापासून मोटरपर्यंत वायर हाताने चाचपत जाता यायचं. आताच्या गाडीत दांडी फिरवली म्हणजे आपण फक्त मागणी करतो. ती मागणी डॅशखालच्या एका डब्याकडे जाते आणि वायपर फिरवायचे, इंडिकेटर लावायचा, दार लॉक करायचं हे तो डबा ठरवतो. माझ्या गाडीत चावी ओळखण्याचं कामही त्याच्याकडेच आहे. इंजिनचा कंट्रोलर, मीटर आणि हा डबा एकमेकांशी पीळ दिलेल्या दोन बारीक तारांवर बोलतात. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे आणली. त्याआधी प्रत्येक कामाला वेगळी वायर लागायची.

स्कॅनर लावला तर यू०१४० हा कोड आला. बीसीएमशी बोलणं तुटलं, असा त्याचा अर्थ. मला वाटलं, झालं, डबा बदलू. काका म्हणाले, "थांब. फोन लागत नाही म्हणून माणूस मेला असं म्हणतात का? लाइन तुटली असेल." बॅटरी सोडवून त्यांनी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये त्या दोन तारांमधला ओहम मोजला. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, ते जोडीने ६० दाखवतात. बरोबर ६० आला. तारा शाबूत. डब्याला येणारा करंट तपासला, अर्थ तपासली, तीही पक्की. त्यानंतरच त्यांनी डॅशखाली हात घातला. तपासाचा हा क्रम मी जन्मभर विसरणार नाही, कारण याच पायरीवर माझे आधीचे सगळे पैसे गेले होते.

डबा ड्रायव्हरच्या पायाशी, आतल्या बाजूला होता, तळहातापेक्षा थोडा मोठा. त्याला तीन कपलर. दोन सहज निघाले. तिसऱ्याची लॉकपट्टी ओढली तर ती रुतली होती. हलक्या हाताने हलवत हलवत काढली आणि आतून एक थेंब काकांच्या मनगटावर पडला. त्यांनी टॉर्च धरला. पिनांच्या दोन ओळी होत्या, त्यातल्या कोपऱ्यातल्या चार-पाच पिनांवर मोरचुदासारखा हिरवा-निळा थर चढला होता. एक पीन तर बोट लावताच भुगा होऊन गळाली. झाकण उघडलं, तर हिरव्या पाटीवर त्याच कोपऱ्यात तपकिरी डाग, आणि जळक्या प्लास्टिकचा आणि ओल्या मातीचा मिळून एक वास. ओल आणि करंट एकत्र आले की तांबं असं खाल्लं जातं. नुसत्या ओलीने वर्ष लागलं असतं, करंट चालू असल्यामुळे महिन्यात झालं.

मग त्यांनी मला खाली वाकून वर बघायला सांगितलं. वायरिंगचा जुडगा जिथे इंजिनाकडून आत येतो तिथे रबराचं बूच असतं. त्याच्या कडेने पाण्याची ओली रेघ आली होती, जुडग्यावरून उतरत थेट त्या कपलरपर्यंत. बाहेर जाऊन वायपरखालची काळी जाळी काढली. खाली वीतभर पन्हळ आहे, काचेवरचं पाणी तिथे जमतं आणि कडेच्या भोकातून रस्त्यावर पडतं. त्या भोकात चिंचेचा पाला ठासून बसला होता. उन्हाळ्यात गळलेली बारीक पानं, धूळ, पावसाचं पाणी, सगळ्यांचा मिळून काळा चिखल झाला होता. भोक बुजलं, पन्हळ भरली, पाण्याने दुसरी वाट धरली. गाडी उन्हात तापू नये म्हणून मी ती मायेने झाडाखाली लावत होतो.

डबा साफ करून बघितला, दोन दिवस चालला आणि मेला. पुण्यातल्या स्क्रॅपवाल्याकडून त्याच मॉडेलचा जुना साडेतीन हजारांना आणला. वायपर फिरले, दिवे लागले, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण गाडी सुरू होईना. मीटरवर चावीचा लाल दिवा लुकलुकत राहिला. जुन्या डब्याच्या पोटात दुसऱ्याच गाडीचा सतरा अक्षरी नंबर होता. तो माझी चावी कशी ओळखणार? डबा एकाच गाडीशी बांधल्याने चोरीला आळा बसतो हे मला पटतं. पण भंगारातला चांगला डबा गरिबाच्या कामी येऊ नये, आणि कोडिंगची किल्ली मोजक्याच हातांत राहावी, हे मला आजही पटत नाही. थोड्या पैशांत होणारं काम असल्या अडवणुकीमुळे बारा हजारांवर जातं, आणि तेवढ्यासाठी शेतकऱ्याला हंगामात गाडी आठ दिवस उभी ठेवावी लागते.

नवा डबा अकरा हजार चारशेचा आला, पाच दिवसांनी. लॅपटॉपवाला पोरगा नारायणगावहून आला, जेमतेम पंचविशीचा. आल्या आल्या म्हणाला, "दुसरी चावी कुठंय, दादा?" कोडिंगच्या वेळी दोन्ही चाव्या समोर लागतात. नाहीतर राहिलेली चावी गाडी ओळखत नाही. दुसरी घरी देवळीत, सातबाऱ्याच्या पिशवीत. पुतण्याला मोटारसायकलवर पिटाळलं, ओतूरपर्यंत जाऊन तो तासाभरात आला, नखशिखांत भिजलेला, पण चावी प्लास्टिकमध्ये गुंडाळून शर्टाच्या आत.

काकांनी बॅटरीला चार्जर जोडून ठेवला. कोडिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर नवा डबाही अर्धवट शिकलेला राहतो. मायनस टर्मिनल काढून, हाताने आधी बॉडीच्या लोखंडाला स्पर्श करून त्यांनी डबा बसवला होता. अंगातली वीज पाटीला मारते, म्हणाले. कुजलेली पीन कापून कपलरला नवी लावली होती. आणि एक काम त्यांनी न सांगता केलं: जुडगा डब्याकडे सरळ उतरत होता, त्याला कपलरच्या खाली एक झोळ देऊन बांधला. पुढे कधी पाणी आलंच तर झोळाच्या तळाशी येऊन गळून पडेल, कपलरात चढणार नाही.

लॅपटॉपवर पट्टी सरकत होती, आणि आम्ही तिघं काही न बोलता तिच्याकडे बघत होतो. दहा मिनिटांनी पोरगा म्हणाला, "मारा चावी." लाल दिवा विझला. इंजिन लागलं. दुसरी चावी लावली, तीही चालली. मग इंडिकेटर, डिपर, हॉर्न, लॉक, वायपरचे तिन्ही वेग, काका एकेकाचं नाव घ्यायचे आणि मी बटण दाबायचो. रात्री उशिरा करंट पुन्हा मोजला: २८ मिलिअँपिअर.

मी पाकीट काढलं तर काकांनी हात धरला. "अजून झालं नाही." ड्रायव्हरच्या पायाशी त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि मला बादली दिली. काचेच्या वरच्या कडेवरून मी पाणी ओतलं, एक बादली, दुसरी, सातवी. पन्हळीच्या भोकातून पुढच्या चाकामागे धार लागली, जाड आणि स्वच्छ. काका गुडघ्यावर बसले, दार उघडून त्यांनी कागद बाहेर काढला, टॉर्चसमोर धरला, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

कागद कोरडा होता.