बोल्टांना कल्हई

अब्बांची मारुती 800 समुद्राजवळ उभी राहून म्हातारी झाली. कोकणातल्या खाऱ्या हवेनं पत्रा नंतर खाल्ला, आधी नट-बोल्ट खाल्ले. बंपर काढताना एका बोल्टचं डोकंच तुटून पान्यात आलं, तेव्हा मी ठरवलं की उरलेले बोल्ट घरीच साफ करायचे आणि त्यांवर जस्त चढवायचं.

बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवले. सकाळी गंज काळ्या गाळासारखा सुटला. तारेच्या ब्रशनं घासून सोड्याच्या पाण्यात धुतले. जस्तासाठी टॉर्चचा संपलेला, जुन्या पद्धतीचा सेल फोडला. आतल्या काळ्या भुकटीभोवतीचं डबडं जस्ताचं असतं. मग अम्मीची लोणच्याची काचेची बरणी घेतली. तिच्यात व्हिनेगर, एप्सम सॉल्ट आणि थोडी साखर. बोल्ट ऋण टोकाला, जस्ताची पट्टी धन टोकाला, आणि वीज फक्त एका मोठ्या सेलची, 1.5 व्होल्ट. पहिल्या वेळी घाई करून जास्त व्होल्ट लावले, तर बोल्टवर काळी, हातानं पुसली जाणारी राख बसली. एका बोल्टवर गंजाचा ठिपका राहिला होता, तिथे जस्त धरलंच नाही.

अब्बा खुर्चीत बसून बघत होते. "काय रे, बोल्टांना कल्हई करतोस?"

त्यांना आमच्या मोहल्ल्यात येणारा कल्हईवाला आठवला असणार. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून तो कापसानं कथील फिरवायचा आणि आधी भांडं लख्ख घासून घ्यायचा. मी म्हटलं, तसंच, पण जस्ताची गोष्ट वेगळी. लोखंडावरच्या कथलाला ओरखडा पडला की खालचं लोखंड उलट लवकर गंजतं. जस्ताला ओरखडा पडला तर आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं.

अब्बांनी मान हलवली. अम्मी मात्र बरणीवरून बोललीच. ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नव्हती. जस्ताचे क्षार पोटात गेले तर उलट्या होतात.

संध्याकाळपर्यंत वीसेक बोल्ट चमकू लागले. मग पुढच्या चाकाजवळचे दोन जाड बोल्ट हातात घेतले. तेही रात्रभर व्हिनेगरमध्ये होते. घासल्यावर डोक्यावर आकडा दिसला : 10.9. बाकीच्यांवर 8.8 होतं किंवा काहीच नव्हतं. पहिल्या आकड्याला शंभरानं गुणलं की बोल्टची ताणशक्ती मेगापास्कलमध्ये कळते, म्हणजे इथे सुमारे 1000. इतकं कडक पोलाद आम्लात बुडवलं किंवा त्यावर प्लेटिंग केलं, की तयार होणाऱ्या हायड्रोजनचे अणू आत शिरतात आणि पोलाद ठिसूळ होतं. घट्ट आवळताना कळत नाही. काही तासांनी, कधी काही दिवसांनी, बोल्ट अचानक तुटतो. कारखान्यात म्हणूनच असे बोल्ट प्लेटिंगनंतर लगेच सुमारे 200 अंशांवर काही तास भाजतात. आमच्याकडे तशी भट्टी नव्हती.

दोन्ही बोल्ट दिसायला अगदी चांगले होते. खरं सांगतो, ते बसवून टाकावेत असं मनात आलं. दिवसभराची मेहनत होती. शुक्रवारी अम्मीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि ती याच गाडीतून जाणार होती.

अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "मग विचारतोस काय? नवे आण."

तालुक्याच्या दुकानातून त्याच आकड्याचे दोन नवे बोल्ट आणले, काळपट, अजिबात न चमकणारे. ते चाकाजवळ गेले. माझे चमकदार बोल्ट बंपरला, नंबर प्लेटला आणि चिखलरोधकाला लागले. जुने दोन मी हातोड्यानं डोकी चेपून भंगारात टाकले, कुणी उचलून लावू नयेत म्हणून.

यंदाच्या पावसात नंबर प्लेटच्या बोल्टवर पांढरी भुकटी आली आहे. जस्त झिजतंय, खालचं लोखंड अजून शाबूत आहे. परवा अब्बांनी ती बोटानं पुसून मला दाखवली.

"तुझी कल्हई उडाली."