मोडलेली पोत

जळगावच्या सराफ बाजारातून जाताना आम्हांस आजीचे एक वाक्य हमखास आठवते : "त्या साली पोत मोडली." विकली, असे ती कधी म्हणाली नाही. ती मंदीची वर्षे असावीत, हा अंदाज आम्ही पुढे वाचनातून बांधला.

१९२९ नंतर कापसाचे भाव कोसळले. पूर्व व पश्चिम खानदेशचा, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे, नंदुरबारचा शेतकरी कापसावर विसंबलेला. सारा मात्र रोखच भरायचा. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. रुपया १ शिलिंग ६ पेन्स या दराने स्टर्लिंगला बांधलेलाच राहिला. सोन्याचा रुपयांतला भाव चढला आणि घराघरांतले सोने मुंबईमार्गे विलायतेस जाऊ लागले. या निर्यातीवर बंदी वा जकात बसवावी, ही मागणी सरकारने मानली नाही. १९१७ साली, महायुद्धाच्या गरजेपोटी, आयात सोने सरकारलाच विकण्याची सक्ती करणारा वटहुकूम मात्र याच सरकारने काढला होता. निर्बंध घालणे आणि न घालणे, दोन्ही सत्तेच्या सोयीचे.

सरकारपक्ष म्हणे, लोक नफ्यासाठी खुशीने सोने विकीत आहेत. नफा काहींना झालाही असेल. पण विकण्यात मर्जी गृहीत असते. मोडण्यात नड असते. हा भेद आमच्या आजीला ठाऊक होता. अर्थकारणाचा इतिहास वाचताना आकड्यांबरोबर अशी क्रियापदेही तपासावीत, असे आम्हांस वाटते.

साल नेमके कोणते, हे तिला विचारायचे मात्र राहून गेले.