सही, निशाणी आणि वाचन



शेक्सपिअरचा अभ्यास करू लागलो की एक शंका हमखास कानी येते. ज्याच्या घरात सहीपुरतीही अक्षरे नव्हती, त्याने ही नाटके लिहिली कशी? ही शंका आपल्यापैकी अनेकांच्या घरांनाही लागू पडते. म्हणून ती बारकाईने तपासून पाहू.

शेक्सपिअरचे वडील जॉन स्ट्रॅटफर्ड गावी हातमोजे तयार करीत. १५६८ मध्ये ते बेलिफ, म्हणजे नगरप्रमुख झाले. परंतु कागदपत्रांवर त्यांची निशाणीच आढळते. कोठे फुली, तर कोठे त्यांच्या व्यवसायातील कंपासाची आकृती. धाकटी कन्या ज्युडिथ हिनेही १६११ मध्ये एका दस्तावर साक्षीदार म्हणून निशाणी केली. थोरली सुझाना मात्र आपले नाव लिहीत असे. खुद्द नाटककाराच्या १६१६ च्या मृत्युपत्रात एकाही पुस्तकाचा उल्लेख नाही.

यावरून ‘हे घर निरक्षर होते’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो टिकत नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये मुलांना आधी वाचन शिकवीत. लेखन ही त्यानंतरची, शाई आणि पिसाची लेखणी लागणारी वेगळी विद्या होती. वाचता येते पण लिहिता येत नाही, अशी माणसे समाजात पुष्कळ होती. शिवाय निशाणी हा अज्ञानाचाच पुरावा असतो असेही नाही. आपल्याकडील जुन्या कागदांवर पाटील नांगराची निशाणी करीत. त्या नांगरात त्यांचा व्यवसाय होता आणि अधिकारही होता. मृत्युपत्राचेही तसेच. घरातील बहुतेक चीजवस्तू सुझाना आणि तिचे वैद्य पती जॉन हॉल यांच्याकडे गेल्या. पुस्तके असलीच तर तीही त्यांतच गेली असावीत.

मला हे पटायला ग्रंथांची गरज पडली नाही. माझी आजी श्रावणात ओळींवरून बोट फिरवीत ‘पांडवप्रताप’ वाचत असे, आणि आळीतल्या बायका ऐकायला जमत. मात्र कोणत्याही सरकारी कागदावर ती डाव्या हाताचा अंगठा उठवी. नोंद करणाऱ्याच्या दृष्टीने ती निरक्षरच होती. तिच्यामुळे कथा ऐकण्याची गोडी मला शाळेत जाण्यापूर्वीच लागली, हे नोंदवायला कोणत्याही अर्जात रकाना नव्हता.

आता शेक्सपिअरच्या वाचनाकडे वळू. त्याचा पुरावा नाटकांच्या पानांत आहे. इंग्लंडच्या राजांवरील नाटकांसाठी त्याने हॉलिन्शेडचा इतिहास वापरला. ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ यांमागे प्लुटार्कच्या चरित्रांचा थॉमस नॉर्थने १५७९ मध्ये केलेला अनुवाद आहे. क्लिओपात्राच्या नौकेचे वर्णन नॉर्थच्या गद्याशेजारी ठेवून पाहा. अनेक तपशील तेच आहेत; पण ते काव्यात आले आहेत आणि एका रांगड्या सैनिकाच्या तोंडी घातले आहेत. वाचन पचणे म्हणतात ते हेच. १५९५ मध्ये नॉर्थच्या या ग्रंथाची पुढील आवृत्ती छापणारा रिचर्ड फील्ड हा स्ट्रॅटफर्डचाच होता. १५९३ मध्ये शेक्सपिअरचे ‘व्हीनस अँड अ‍ॅडोनिस’ही त्यानेच छापले. गावच्या ओळखीतून पुस्तकांची वाट सापडली असेल, तर नवल नाही.

या सगळ्यात ज्युडिथची निशाणी मात्र मनाला लागून राहते. गावच्या ग्रामर स्कूलचा दरवाजा मुलग्यांसाठीच होता. बापाने जगाला इतके शब्द दिले. त्यातले किती मुलीला स्वतः वाचता आले, याचे उत्तर कोणत्याही कागदात नाही. एका घरातील एकाचे वाचन आपोआप सर्वांचे होत नाही, ही जाणीव आपण ठेवली पाहिजे.

आपल्यापैकी कित्येक जण घरातील पहिले पदवीधर होणार आहेत. आपल्या वडीलधाऱ्यांना ‘निरक्षर’ या एका शब्दात संपवू नका. त्यांना किती कथा, ओव्या आणि हिशेब मुखोद्गत आहेत, ते विचारा आणि लिहून ठेवा. अभ्यासाला बसाल तेव्हा एखादे पान मोठ्याने वाचा. ज्यांना शाळेचा दरवाजा उघडला नाही, त्यांनाही ते ऐकू जाऊ द्या.